बाबासाहेबांचे लंडन : एका दिवसाची वाट



परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत दरवर्षी एक प्रसंग हमखास येतो. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे भेटीस येतात आणि त्यांना लंडन दाखवायचे ठरते. टॉवर ब्रिज, राजवाड्यापुढील पहारेकऱ्यांची बदली, नदीकाठचा भव्य पाळणा, मेणाचे पुतळे अशी यादी तयार होते. ही स्थळे पाहू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु त्याच शहरात आणखी एक लंडन आहे. ते एका भाडेकरू विद्यार्थ्याचे, ग्रंथालयांचे आणि अर्धपोटी अभ्यासाचे लंडन आहे. त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा, अशी विनंती करण्यासाठी आजचा लेख आहे. त्या दिवशी मला स्वतःविषयी जे कळले, तेही यात सांगणार आहे. कारण ते लपवून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये शाळांना सुट्टी असताना आम्ही एका शुक्रवारी निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी, तेरा वर्षांची कन्या आणि विदर्भातून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. आदल्या दिवशी सायंकाळी कार्यालयातील एका मराठी सहकाऱ्यांचा फोन आला होता. "उद्या सुट्टी घेतलीय, कुठे दौरा?" असे त्यांनी सहज विचारले. मी उत्तरलो, "आईला लंडन दाखवतोय. म्युझियम वगैरे." मुलगी शेजारीच गृहपाठ करीत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वहीत घातली.

सकाळी आम्ही चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उतरलो. तेथून पाच-सात मिनिटे चालले की किंग हेन्रीज रोड लागतो. या रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ या काळात बाबासाहेब भाड्याच्या खोलीत राहत होते. घर बाहेरून शेजारच्या घरांसारखेच आहे. वेगळेपण एवढेच की दर्शनी भिंतीवर निळी गोल फलकपट्टी आहे. तिच्यावर त्यांचे नाव, जन्म-महापरिनिर्वाणाची वर्षे आणि सामाजिक न्यायासाठी झुंजणारे भारतीय अशा अर्थाची ओळख कोरलेली आहे. हे घर विक्रीस निघाले, तेव्हा फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स, यूके या आपल्या संघटनेने ते सरकारने घ्यावे म्हणून पाठपुरावा केला. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले.

पुढची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. निवासी घराचे संग्रहालय करण्यास कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेने २०१८ साली परवानगी नाकारली. पाहुण्यांच्या वर्दळीचा त्रास होतो, अशी काही रहिवाशांची तक्रार होती. त्यावर २०१९ मध्ये रीतसर चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले गेले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी संग्रहालयाला मान्यता दिली. म्हणून तेथे जाताना घोषणा देऊ नयेत, पदपथ अडवून समूहछायाचित्रे काढू नयेत. आपला शांतपणा हाही त्या घराच्या रक्षणाचा एक भाग आहे. घर कोणत्या दिवशी व किती वेळ खुले असते, ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आईने उंबऱ्यापाशी चपला काढल्या. आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत. ती प्रत्येक छायाचित्रापुढे थांबत होती. मुलगी मात्र भराभर पुढे जात होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, हे घर त्यांचं नव्हतंच ना? ते तर इथे भाड्याने राहत होते."

प्रश्न योग्य होता. मी तिला सांगितले की, त्यांच्या येथील दिवसांचा खरा अर्थ त्या भाडेकरूपणातच आहे. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला आले, परंतु बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परतताना त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठविलेली पुस्तके पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा येथे आले. मागे परळच्या चाळीत माता रमाई संसाराचा गाडा ओढत होत्या. सकाळी पावाचा तुकडा खाऊन ग्रंथालय गाठायचे आणि रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून दुधाबरोबर खायचे, असे त्यांच्या या दिवसांचे वर्णन चरित्रकार धनंजय कीर यांनी केले आहे.

"पापड?" मुलीने विचारले. ती प्रथमच थांबली होती. पापड तिच्या ओळखीचा होता. घटना समिती तिच्या ओळखीची नव्हती. आपल्या मुलांना बाबासाहेब सांगताना आपण बहुधा शिखरापासून आरंभ करतो. पायथ्यापासून करावा, असे मला त्या वेळी वाटले.

घरापासून ब्रिटिश म्युझियमचे अंतर चार किलोमीटरहून थोडे अधिक आहे. आई आणि पत्नी बसने गेल्या. मी आणि मुलगी मुद्दाम पायी निघालो. प्रिमरोझ हिलच्या टेकडीवरून सारे शहर दिसते. तेथून रीजेंट्स पार्क ओलांडून खाली उतरले की तासाभरात म्युझियम येते. वाटेत मुलीचे पाय दुखू लागले, तिची कुरकूर झाली, पण पोहोचल्यावर तिने आपण होऊन आजीला सांगितले, "आम्ही चालत आलो." काही गोष्टी व्याख्यानाने पटत नाहीत, पायांना कळाव्या लागतात.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेशशुल्क नाही. मात्र गर्दीच्या दिवसांत आधी विनामूल्य प्रवेशवेळ नोंदवून ठेवणे सोयीचे पडते. काचेच्या छताखालील प्रशस्त चौकात मध्यभागी जी वर्तुळाकार इमारत दिसते, ते १८५७ साली उघडलेले जुने वाचनालय. बाबासाहेब तासन्‌तास वाचीत बसत, ते येथे. ग्रंथसंग्रह नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रासजवळील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलविला गेला. ते कोणत्या आसनावर बसत, हे दाखविणारी खूण येथे नाही. त्या गोल भिंतीला आईने हात लावला आणि क्षणभर डोळे मिटले.

मग आम्ही ज्या दालनासाठी मुख्यत्वे आलो होतो, तेथे गेलो. दालन क्रमांक ३३-अ मध्ये अमरावतीच्या महास्तूपाची शिल्पे आहेत.

आई एकदम म्हणाली, "म्हणजे आपली अमरावती?" तिचे माहेर अमरावती जिल्ह्यातले आहे. मी खुलासा केला की ही अमरावती आंध्र प्रदेशातील, कृष्णा नदीच्या काठची. तेथे इसवी सनापूर्वीपासून पुढे अनेक शतके एक विशाल स्तूप उभा होता. काळाच्या ओघात तो उजाड झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराची माणसे बांधकामासाठी त्याचे दगड काढीत होती, तेव्हा कॉलिन मॅकेन्झी या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस तो पडला. १८४५ साली वॉल्टर एलियट यांनी तेथे उत्खनन करून अनेक शिळा मद्रासला नेल्या. काही वर्षे उघड्यावर पडून राहिल्यानंतर १८५९ साली त्या जहाजाने लंडनला आणल्या गेल्या आणि १८८० साली या म्युझियमच्या ताब्यात आल्या. आज येथे १२० हून अधिक शिल्पे आहेत. उरलेल्यांपैकी पुष्कळशी चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहेत.

या दालनात घाई करू नये. येथे दोन्ही बाजूंनी कोरलेली एक शिळा आहे. तिच्या जुन्या बाजूवर बोधिवृक्ष आहे, त्याखाली आसन आहे, भोवती हात जोडलेले उपासक आहेत. पण आसनावर कोणीच नाही. त्या काळी तथागतांची मूर्ती न घडविता त्यांचे अस्तित्व आसन, वृक्ष, पदचिन्हे अशा खुणांनी दर्शवीत. दोन-तीन शतकांनंतर तीच शिळा उलटून मागील बाजूवर संपूर्ण स्तूपाचे चित्र कोरण्यात आले. त्या स्तूपचित्रामुळेच मूळ वास्तू कशी दिसत असावी, याची कल्पना आज करता येते. इतर शिळांवर स्तूपाला वेटाळणारे नागही दिसतात. १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे सांगताना बाबासाहेबांनी धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा उल्लेख केला होता. आईला ते भाषण जवळजवळ पाठ आहे. ती नातीला एकेक नाग बोटाने दाखवीत राहिली.

आम्ही बाकावर टेकलो. अमरावतीविषयी पूर्वी वाचलेली एक हकीकत मला आठवली, ती मी दोघींना सांगितली. स्तूपाच्या अनेक शिळांवर त्या दान करणाऱ्यांचे लेख आहेत. दान देणारे केवळ राजे किंवा श्रेष्ठी नाहीत. भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, गृहस्थ आहेत, स्त्रिया आहेत. त्यांतच विधिक नावाच्या एका माणसाचा लेख आहे. नाग नावाच्या उपाध्यायाचा हा पुत्र. आई, पत्नी, भाऊ, मुलगा आणि मुली यांच्यासह आपण पूर्णघट कोरलेली शिळा दान देत आहोत, अशी त्याची नोंद आहे. नावाबरोबर त्याने आपला व्यवसायही लिहविला आहे : चर्मकार.

आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "त्यानं धंदा लपवला नाही. दगडावर लिहून ठेवला."

मुलीने माझ्याकडे पाहिले. आदल्या सायंकाळी पाहिले होते, तसेच. "बाबा, काल तुम्ही त्या अंकलना आपण बाबासाहेबांच्या घरी जाणार असं का नाही सांगितलं?"

मी उत्तरासाठी शब्द शोधले आणि मला ते सापडले नाहीत. या देशात येऊन मला पंधरा वर्षे झाली. विहारात मी मोठ्या आवाजात जय भीम म्हणतो, १४ एप्रिलला व्यासपीठावरून बोलतो. पण कार्यालयातील मराठी मंडळींच्या घोळक्यात कोणी "तुमचं मूळ गाव कोणतं, आडनाव कुठलं" असे विचारू लागले की मी विषय पालटतो. कारण त्या प्रश्नापुढे काय येते, हे मला ठाऊक असते. जात सागर ओलांडून येते, हे आपण सारे जाणतो. ब्रिटनच्या समता कायद्यात जातिभेदाचा स्पष्ट समावेश करण्याचे बंधन संसदेने २०१३ साली सरकारवर घातले. २०१८ साली सरकारने ते बंधन मागे घेण्याचे जाहीर केले आणि हा प्रश्न न्यायालयीन निर्णयांवर सोडला. अशा परिस्थितीत कोणी सावधगिरीने मौन पाळले, तर त्याला मी दोष देणार नाही. काहींच्या नोकरीचा, काहींच्या मुलांच्या सुखाचा तो प्रश्न असतो. परंतु माझे मौन सावधगिरीचे उरले नव्हते, ते सवयीचे झाले होते. आणि ती सवय माझी मुलगी शिकत होती.

मी तिला एवढेच म्हणालो, "माझं चुकलं."

दुपारी आम्ही पायीच ग्रेज इनकडे निघालो. पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे. बॅरिस्टर घडविणाऱ्या लंडनच्या चार प्राचीन संस्थांपैकी ही एक. बाबासाहेबांनी १९१६ साली येथे नाव नोंदविले आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्या काळी परीक्षांइतकेच सभागृहातील ठरावीक भोजनांना उपस्थित राहणे आवश्यक असे. खोलीवर पापड भाजणारा विद्यार्थी त्या लांब मेजांवर इंग्रज वकिलांच्या पंगतीला बसत असे, हे दृश्य मुलांना जरूर सांगावे. ते जुने सभागृह १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि युद्धानंतर पुन्हा उभारले गेले. २०२१ साली संस्थेने आपल्या एका कक्षाला बाबासाहेबांचे नाव दिले. इमारतींत मुक्त प्रवेश नाही. मात्र 'द वॉक्स' नावाचा तेथील बगीचा कामकाजाच्या दिवशी दुपारी काही वेळ सर्वांसाठी उघडतात. आम्ही तेथल्या हिरवळीजवळ डबे सोडले. पोळी, बटाट्याची भाजी, जवसाची चटणी, आणि आईने पहाटे गुपचूप भाजून बांधून घेतलेले चार पापड. ते पाहून मुलगी हसली आणि आईही.

तेथून किंग्जवेने खाली गेले की हॉटन स्ट्रीटवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. १९२० च्या मे महिन्यात पंचम जॉर्ज राजाने संस्थेच्या आजच्या जुन्या इमारतीची कोनशिला बसविली आणि त्याच वर्षी बाबासाहेब परतले. म्हणजे त्यांचा अभ्यास आणि त्या इमारतीचे बांधकाम एकाच वेळी चालू होते. १९२१ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांना आरंभी रुचला नाही. त्यांनी तो मुंबईहून सुधारून पाठविला आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी संपादन केली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदविले. गुरूने शिष्याच्या ग्रंथात असहमती छापावी आणि शिष्याने ती मानाने मिरवावी, ही विद्येची रीत मुलांना समजावून देण्यासारखी आहे. संस्थेत आज त्यांचा अर्धपुतळा आहे. तो पाहावयाचा असल्यास स्वागतकक्षात विनंती करावी.

दिवस मावळतीला आला होता. पाय थकले असले तरी शेवटी सेंट जेम्स पॅलेसपर्यंत जावे, असे आईनेच सुचविले. लाल विटांच्या या जुन्या राजवाड्यात सर्वसामान्यांना सहसा प्रवेश नसतो. बाहेरूनच पाहावा लागतो. १२ नोव्हेंबर १९३० रोजी राजाच्या हस्ते संसदभवनात उद्घाटन झाल्यानंतर गोलमेज परिषदेची बैठक या वाड्यात भरली. दलितांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन येथे बसले होते. आठ वर्षांपूर्वी याच शहरात भाड्याच्या खोलीत दिवस काढणारा विद्यार्थी आता कोट्यवधी माणसांच्या वतीने, स्वतःची ओळख उघडपणे सांगून, साम्राज्याच्या मंत्र्यांपुढे हक्क मागत होता. पहारेकऱ्याबरोबर छायाचित्र काढण्यासाठी पर्यटकांची रांग लागली होती. आई त्या दारापुढे हात जोडून उभी राहिली. या वेळी मला आजूबाजूला कोणी पाहते आहे का, असे वाटले नाही.

सोमवारी कार्यालयात त्या सहकाऱ्यांनी विचारले, "मग, काय काय पाहिलं?" मी सांगितले, "डॉ. आंबेडकर राहत होते ते घर पाहिलं. आम्ही बौद्ध आहोत. आईची फार इच्छा होती." ते क्षणभर थांबले, "अच्छा," म्हणाले आणि पावसाविषयी बोलू लागले. एवढेच घडले. पुढे काय घडेल, ते पाहू. घरी आल्यावर मी हे मुलीला सांगितले. ती काही बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिने शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय घेतला तो १०, किंग हेन्रीज रोड.

वाचकहो, या एका दिवसाला वाहनाचा आणि डब्याचा खर्च सोडला तर फारसा खर्च नाही. शक्यतो शाळेच्या सुट्टीतला कामकाजाचा दिवस निवडावा. शनिवार-रविवारी ग्रेज इनचा बगीचा बंद असतो. वडीलधाऱ्यांसाठी बसचा प्रवास ठेवावा, मुलांना मात्र निदान एक टप्पा चालवावे. आणि वाटेत कोणी विचारले, "कुठे निघालात?" तर शक्य असेल तेव्हा खरे उत्तर द्यावे. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका चर्मकाराने ते दगडावर कोरून दिले आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.